अडकलेला रेडिएटर होज: जोर लावण्याआधी गिऱ्हाइकाशी बोला



छोट्या गॅरेजसाठी कूलंट बदलण्याचं काम चांगलं आहे. हत्यारं कमी लागतात, मोठी मशीन लागत नाही, दोन-अडीच तासांत गाडी मोकळी होते. पण हे काम सुरू करणारे बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. रेडिएटरचा खालचा होज पाइप निघतच नाही. मग पकड लावतात, जोर काढतात आणि "कटकन" आवाज येतो. होज हातात असतो, पण रेडिएटरचं तोंडही सोबत आलेलं असतं.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात मी स्वतः असं एक तोंड तोडलंय. त्या दिवशी मजुरी तर गेलीच, नवा रेडिएटर खिशातून घालावा लागला. म्हणून आजचा धडा दोन भागांचा आहे: होज काढायचा कसा, आणि त्याआधी गिऱ्हाइकाशी बोलायचं काय.

आधी हिशेब समजून घ्या

समजा तुमची मजुरी ६०० रुपये, नवा होज ४०० रुपये आणि नवा रेडिएटर ५,००० रुपये. (हे आकडे फक्त उदाहरणाचे. तुमच्या गावातले भाव पार्टच्या दुकानात जाऊन विचारा.) होज फाटला तर ४०० रुपयांचा प्रश्न. तोंड तुटलं तर तुमच्या आठ गाड्यांची मजुरी गेली. म्हणजे या कामात वाचवायचं काय? होज नाही, तोंड! ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

होज चिकटतो का?

होज रबराचा. वर्षानुवर्षं इंजिन गरम होतं, थंड होतं आणि त्यात रबर तोंडाला घट्ट धरून बसतं. तोंड धातूचं असेल तर त्यावर गंजाचा, क्षाराचा थर येतो आणि पकड आणखी पक्की होते. आजकालच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. तोंडही त्याच प्लास्टिकचं. उष्णतेने हे प्लास्टिक ठिसूळ होत जातं. नवीन गाडीत जो जोर चालतो, तो दहा वर्षांच्या गाडीत चालत नाही.

गाडी उभी राहिली की पहिलं काम: बोलणं

बॉनेट उघडा आणि गिऱ्हाइकाला जवळ बोलवा. होज दाबून दाखवा. कडक झालाय का, टोकाला चिरा आहेत का, क्लिपपाशी फुगलाय का, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. मग सरळ सांगा:

"दादा, होज जुना आहे. आधी तो न फाडता काढायचा प्रयत्न करतो. नाहीच निघाला तर कापावा लागेल, कारण ओढला तर रेडिएटर तुटेल. नवा होज एवढ्याला येईल. चालेल का?"

हो म्हणाले तर व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढं लिहून पाठवा. आणि होज दुकानात मिळतोय ना, हे काम सुरू करण्याआधी फोन करून विचारा. रविवारी संध्याकाळी होज कापून ठेवला आणि दुकान बंद, अशी वेळ आणू नका.

आता काम

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, कूलंट उसळून तोंडावर येतं. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

२. खाली टब ठेवा. रेडिएटरला खाली ड्रेन प्लग असेल तर आधी तो हळू सैल करून कूलंट काढा. तोही बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो, तिथेही जोर नको.

३. क्लिप मागे सरकवा. स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून आणि स्क्रूची क्लिप सैल करून, होजवरच मागे ढकला. क्लिप जागेवर ठेवून होज ओढणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

४. ओढू नका, फिरवा. होजचं टोक हाताने डावीकडे-उजवीकडे पिळा. चिकटलेला थर सुटला की होज तोंडावर गोल फिरायला लागतो. फिरला म्हणजे निघाला. हात पुरत नसेल तर होजवर फडकं गुंडाळून मोठी पकड हलकी धरा आणि थोडंसंच फिरवा. पकड घट्ट आवळली तर आतलं तोंड चेपतं.

५. गरम पाणी घाला. फडकं गरम पाण्यात बुडवून होजच्या टोकाभोवती दोन-तीन मिनिटं गुंडाळा. रबर मऊ पडतं. मग पुन्हा फिरवा. गॅसची ज्योत लावायची नाही, प्लास्टिक जाईल.

६. बोथट आकडा वापरा. टोकाला वाकवलेली, धार नसलेली सळी होज आणि तोंडाच्या मधे हळूच सरकवा आणि गोल फिरवत न्या. त्या फटीत साबणाचं पाणी सोडा. ऑइल किंवा ग्रीस नको, कूलंटच्या होजचं रबर त्याने फुगतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं तर अजिबात नाही.

७. तरीही नाही? कापा. इथे लाज वाटून घेऊ नका. ब्लेडने होजवर टोकापासून लांबीच्या दिशेने चीर द्या. एका दमात खोल नको. हलके तीन-चार हात फिरवा. शेवटचा पातळ थर ब्लेडने न कापता बोटांनी फाडा. तोंडावर चरा पडला तर नवा होज लावूनही तिथून गळत राहील. चीर पडली की होज केळीच्या सालीसारखा उलगडतो.

फ्लश आणि भरणं

होज निघाला की वरून साधं पाणी सोडा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. पण एवढ्याने इंजिनच्या आतलं जुनं कूलंट निघत नाही, कारण थंड इंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो. म्हणून होज लावा, पाणी भरा, बॅटरी जोडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा. वरचा होज गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. इंजिन बंद, पूर्ण थंड, मग पुन्हा रिकामं. हे थांबणं कंटाळवाणं असतं, पण पैसे त्याचेच आहेत. शेवटचा फेरा डिस्टिल्ड वॉटरचा करा. बोअरचं पाणी आत राहिलं तर क्षार बसतात.

होज बसवण्याआधी तोंड फडक्याने स्वच्छ पुसा, आतून थोडं कूलंट लावा, क्लिप तोंडाच्या उंचवट्याच्या मागे बसेल अशी आवळा.

भरताना एक युक्ती. कितीही रिकामं केलं तरी इंजिनमध्ये थोडं पाणी राहतंच. कूलंट घट्ट प्रकारचं असेल आणि गाडीच्या पुस्तकात एकूण ४ लिटर दिलं असेल, तर आधी २ लिटर कूलंट ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. प्रमाण निम्मं-निम्मं जमतं. कूलंट रंग बघून घेऊ नका, पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या. मग हवा काढण्यासाठी हीटर चालू ठेवून पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन चालवा. थंड झाल्यावर पातळी पाहून भर घाला.

गिऱ्हाईक विचारतंच, "आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, मग कूलंट कशाला?" उत्तर तयार ठेवा: कूलंट पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि आतला धातू गंजू देत नाही.

जुनं कूलंट गटारात नाही!

बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. सांडलेलं लगेच धुवा. जुनं कूलंट नाव लिहिलेल्या बंद कॅनमध्ये ठेवा, जुन्या ऑइलमध्ये मिसळू नका आणि परवानगी असलेल्या कचरा उचलणाऱ्याकडेच द्या. लहान मुलांच्या हाताला लागेल असं तर मुळीच ठेवू नका.

काम संपल्यावर

कापलेला होज फेकू नका, गिऱ्हाइकाला दाखवा. दुसऱ्या दिवशी फोन करून गाडी थंड असताना पातळी बघायला सांगा. या एका फोनला दोन मिनिटं लागतात, पण गिऱ्हाईक तो लक्षात ठेवतं.

मी ज्या दिवशी तोंड तोडलं, त्या दिवशी माझ्याकडे ब्लेड होतं. होज कापायची हिंमत नव्हती, कारण नव्या होजचे पैसे मागायला संकोच वाटत होता. ४०० रुपये मागायची लाज वाटली आणि रेडिएटर भरून दिला. तुम्ही तो संकोच गाडी उभी राहिल्याबरोबर, बॉनेटपाशीच संपवा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या पाच गाड्या निवडा. प्रत्येकीचा खालचा होज, क्लिप आणि रेडिएटर यांचे भाव वहीत लिहा. शेजारी तुमची मजुरी लिहा. मग गिऱ्हाइकाला सांगायचं ते वाक्य मोठ्याने दहा वेळा बोलून बघा. अडखळलात तर पुन्हा.

भेटूया पुढच्या धड्यात. काम करत राहा!