प्लास्टरनंतर बारीक झालेली मांडी

प्रश्न : घोटा मोडल्याने सहा आठवडे प्लास्टर होतं. आता मांडी बारीक दिसते, जिना चढताना पाय भरून येतो. यजमानांचा पाय लवकर सुधारला होता. बायकांचे स्नायू कायमचे मरतात का? वय ५१. – एक वाचक, सातारा

उत्तर : मरत नाहीत. पाय पडून राहिला की स्नायूंचे तंतू बारीक होतात आणि त्यांना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची डागडुजी मंदावते; म्हणून पाय लवकर थकतो. उंदरांवरच्या काही प्रयोगांत माद्यांमध्ये हा बिघाड नरांपेक्षा लवकर दिसला आहे आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक या डागडुजीला हातभार लावतं; पाळी जाण्याच्या सुमारास ते कमी होतं, त्यामुळे तुमच्या वयात ही शंका अगदीच निराधार नाही. पण उंदराची मादी म्हणजे तुम्ही नव्हे, आणि यजमानांची दुखापतही निराळी असेल. ‘मग व्यायामाने काय होणार?’ असं म्हणाल, तर मायटोकॉन्ड्रिया वाढवण्याचा खात्रीचा मार्ग तोच, स्त्रियांनाही. पाय सरळ ठेवून गुडघ्याची वाटी वर ओढा, पाच सेकंद धरा, सोडा. डॉक्टरांनी पायावर भार टाकायला परवानगी दिली की खुर्चीतून उठबस आणि चालणं सुरू करा. जेवणात डाळ, दही, चालत असल्यास अंडी वाढवा. पोटरी दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली, तर मात्र व्यायाम थांबवून लगेच रुग्णालय गाठा.