ल्युपस : रुग्णालयात भरती होण्याची वेळ का येते?

ल्युपस हे नाव आपल्या वस्त्यांत फारसे कुणी ऐकलेले नसते. सांधे दुखले की वात, गालावर चट्टे आले की वांग, थकवा आला की रक्त कमी, असे म्हणत महिने जातात. मग चेहरा आणि पाय सुजतात, लघवीला फेस येतो आणि पोरीला भरती करावे लागते. अनेक घरांत आजाराचे खरे नाव तेव्हाच कळते.

जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती ल्युपसमध्ये स्वतःच्याच अवयवांवर उलटते. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्यातही बहुतेक 15 ते 45 वयाच्या.

भरती होण्याची मुख्य कारणे दोन. पहिले, आजार उसळणे : मूत्रपिंड, रक्तपेशी, मेंदू किंवा हृदय-फुफ्फुसांचे आवरण यांवर परिणाम होतो. दुसरे, जंतुसंसर्ग : आजाराने आणि तो आवरणाऱ्या औषधांनीही प्रतिकारशक्ती दुबळी होते. ताप दोन्हींत येतो, पण उपचार वेगळे. म्हणून ल्युपसच्या रुग्णाने तापाला मेडिकलमधून गोळी आणून घरी थांबू नये. रक्त आणि लघवी तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

आजार जुना होतो तशी कारणे बदलतात. कॅनडातील टोरांटो येथे डॉ. मरे युरोविट्झ यांनी 1976 साली दाखवले, की सुरुवातीच्या काळातील मृत्यू उसळलेल्या आजाराने आणि संसर्गाने, तर पुढच्या काळातील मृत्यू हृदयविकाराने होतात. तेव्हा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहावे. तंबाखू आणि मशेरी सोडावी.

अमेरिकेतील 2014 च्या एका अभ्यासात भरती झालेल्या सहा रुग्णांपैकी सुमारे एक जण 30 दिवसांत पुन्हा भरती झाला. हे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत आणि गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावर असलेल्यांत जास्त होते. औषध कुणापर्यंत पोहोचते आणि कुणापर्यंत नाही, यावरही पुन्हा खाट धरण्याची वेळ ठरते. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या हातात काय आहे?

बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नयेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन नियमित घेतल्यास आजार उसळण्याचे प्रमाण घटते. मात्र डोळ्यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. स्टिरॉइड एकाएकी थांबवणे तर जिवावर बेतू शकते. लघवीतील प्रथिनांची तपासणी चुकवू नये. उन्हात डोके आणि हात झाकावेत. लशींबाबत डॉक्टरांना विचारावे. आजार किमान सहा महिने शांत राहिल्यावरच, डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भधारणेचा विचार करावा. हे सासरी-माहेरी दोघांनाही सांगावे.

रुग्णालयातून सुटताना औषधांची यादी, डिस्चार्ज कार्ड आणि पुढची तारीख मागून घ्यावी. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

आपल्या ओळखीत एखादी मुलगी सतत थकलेली, सांधे धरून बसलेली, ऊन लागताच चेहरा लाल होणारी असेल, तर तिला आळशी म्हणू नका. एकदा लघवीची तपासणी करून घ्या. ही साधी तपासणी वेळेवर झाली, तर तिची मूत्रपिंडे वाचू शकतात.