मनोरुग्णाची माहिती व आपले उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला उपदेश करताना, रुग्णाच्या घरी कळलेल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, असे बजावले आहे. आज अनिद्रा, चित्तोद्वेग इत्यादी विकारांच्या संशोधनासाठी मोबाइल अ‍ॅप वापरले जातात. रुग्णाची झोप, हिंडणेफिरणे, फोन हाताळण्याच्या वेळा यांच्या नोंदी त्यांतून जमा होतात. अशा कामी वैद्यांचे वा औषधालयचालकांचे सहकार्य मागितले गेल्यास कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार मनोरुग्णावर उपचार करणाऱ्या प्रत्येक आरोग्य व्यावसायिकावर गोपनीयतेचे बंधन आहे. कलम २४ हे बंधन डिजिटल नोंदींनाही लावते. कलम ९९ अन्वये संशोधनात सहभागासाठी रुग्णाची स्वेच्छेने व समजून दिलेली संमती आवश्यक असून, ती केव्हाही मागे घेता येते.

केवळ नाव वगळल्याने ओळख पुसली जात नाही. जन्मतारीख, लिंग व टपाल क्रमांक एवढ्यावरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक ओळखता येऊ शकतात, असे लताना स्वीनी यांनी २००० साली दाखविले. मग गोंदियाजवळील मुर्रीसारख्या गावात 'वय बेचाळीस, विधवा, धानशेती, दिवाळीपासून झोपेचे औषध चालू' एवढी नोंदही पुरेशी ठरेल. ओळख फुटली तर मुलीचे लग्न अडते, काम तुटते आणि रुग्ण दवाखान्याची पायरी चढणे सोडतो. फिनलंडमध्ये २०२० साली वास्तामो या मानसोपचार संस्थेच्या चोरीस गेलेल्या नोंदी दाखवून थेट रुग्णांकडेच खंडणी मागितली गेली.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१. नीतिशास्त्र समितीची लेखी मान्यता पाहिल्याशिवाय सहभागी होऊ नये.

२. संमतिपत्र मराठीत असावे व ते वाचून समजावून सांगावे. नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही, हेही स्पष्ट करावे.

३. गाव, व्यवसाय व नेमकी तारीख देऊ नये. तालुका व वयोगट पुरेसा मानावा.

४. माहिती कोठे, किती काळ राहणार व कोणाला दिली जाणार, हे लेखी घ्यावे.

५. औषधचिठ्ठीचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकू नये. विक्रीची वही गिऱ्हाइकांच्या नजरेस पडू देऊ नये.

संशोधनाला आमचा विरोध नाही. मानसरोगांत ते हवेच आहे. परंतु रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही आपल्याकडील ठेव आहे. तिच्यावर मालकी रुग्णाचीच, याचे भान सर्व व्यवसायबंधूंनी ठेवावे.