३६५ की २४५?

१. वर्गात मी नेहमी ४०३ वजा १६८ हे उदाहरण घालतो. उत्तर २३५. काही पोरं ३६५ लिहितात: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा करून मोकळी. काही २४५ लिहितात. त्यांना हातचा घेणं कळलंय, फक्त शून्यावरून पुढे जाताना दशकाच्या घरात ९ ऐवजी १० राहतात. पहिल्याला गठ्ठे-सुटे घेऊन मुळापासून बसवावं लागतं, दुसऱ्याचं काम दहा मिनिटांत होतं. गुण मात्र दोघांना सारखेच, शून्य.

२. २०२३-२४ पासून स्टार्स या शिक्षण प्रकल्पातून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. पायाभूत एक, संकलित दोन. विषय प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. गुण पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रासाठी चॅटबॉटवर भरायचे. राज्याला आपल्या शाळा कुठे आहेत ते त्यातून दिसतं, ते दिसायलाही हवं. पण उद्या सकाळी फळ्यावर काय घ्यायचं, ते बेरजेच्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी मी फोनवर एक साधी एक्सेल शीट ठेवतो. प्रत्येक प्रश्नाला एक रकाना आणि उत्तर चुकलं असेल तर ते चुकीचं उत्तर जसंच्या तसं. रकाना क्रमाने लावला की ३६५ वाले एकाखाली एक येतात. गट आपोआप पडतो.

३. ही नोंद आधी कागदावर, मग फोनवर.

४. यंत्राने तपासायच्या ओएमआर उत्तरपत्रिकेला नावं ठेवणारे माझे पुष्कळ मित्र आहेत. गोळे रंगवून काय कळतं, म्हणतात. पर्याय २३५, २३६, २३७, २३८ असे दिले तर काहीच कळत नाही, खरंच. पण २३५, ३६५, २४५, ५७१ असे द्या. ५७१ रंगवणाऱ्याने चक्क बेरीज केली, म्हणजे त्याने चिन्हच पाहिलं नाही. मग यंत्र नुसतं तपासत नाही, निदान करतं. कस पर्याय लिहिणाऱ्याचा लागतो. शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत एक तास याला दिला, तर माहिती भरण्याच्या सूचना थोड्या कमी ऐकल्या तरी चालेल.

५. ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी आणि नववीचं परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. ते निवडक शाळांमधल्या नमुन्यावर होतं. त्यातून जिल्ह्याचं चित्र मिळतं, एकेका मुलाचं प्रगतिपत्रक नाही. त्यासाठी आठवडेच्या आठवडे गोळे रंगवायचा सराव घेतला, तर चित्र तेवढं खोटं होतं आणि शिकवणंही बुडतं.

६. १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली ती आपल्या वर्ध्यातच. नई तालीम तिथूनच निघाली. हाताने काम करता करता हिशेब शिकायचा, हा तिचा विचार कुठल्याच गोळ्यात मावत नाही. म्हणून तोंडी परीक्षा मी उरकत नाही. २४५ लिहिणाऱ्या पोराला फक्त विचारायचं, "हे कसं केलंस रे?" सांगता सांगता तो बरेचदा स्वतःच थांबतो आणि खोडरबर मागतो.