पान्हा आणि पदर
(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

लेखाचा विषय सरांना सांगितला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लिहा, पण जपून लिहा." वर्गातल्या मैत्रिणींनी तर ओढणी तोंडाला लावली. ज्या दुधावर आपण सारेच वाढलो, त्याच्याविषयी लिहिताना एवढे जपावे का लागते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेला नाही.

माझे गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. आवणीच्या दिवसांत आमच्याकडे बाया खाचरात वाकून भाताची रोपे लावतात आणि बांधावर, पूर्वी इरल्याच्या तर आता प्लॅस्टिकच्या कागदाच्या आडोशाला, एखादे तान्हे मूल निजवलेले असते. ते रडले की आई चिखलाचे हात धुते, बांधावर टेकते आणि मुलाला अंगावर घेते. शेजारून गडीमाणसे ये-जा करीत असतात. कोणी टक लावत नाही आणि कोणी मुद्दाम मानही वळवत नाही. बाळहिरडा गोळा करायला रानात जाणाऱ्या बायांचेही तसेच. पोराला भूक लागली, यापलीकडे त्या प्रसंगाला दुसरा अर्थच नसतो.

हीच बाई बाजाराला म्हणून घोडेगाव किंवा मंचरच्या गाडीत बसली की चित्र पालटते. मूल कुरकुरू लागले की ती पदर दोन्ही बाजूंनी ओढते, खिडकीकडे तोंड करते आणि उन्हाळ्यातही त्या पदराखाली मुलाला घामाघूम करते. गाव सोडून वीस-पंचवीस किलोमीटर आले की आईचे रूपांतर 'बाई'त होते, असे मला वाटते.

मागच्या उन्हाळ्यात मी वहिनीबरोबर तालुक्याला गेले होते. भाचा चार महिन्यांचा. एका बसस्थानकावर गाडीची वाट पाहताना तो रडू लागला म्हणून वहिनी बाकावर बसून त्याला पाजू लागली. पदर नीट होता. तरीही समोरचे एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले, "घरून पाजून निघता येत नाही का?" वहिनीने काही उत्तर दिले नाही. मूल बाजूला केले आणि मला म्हणाली, "ताई, चला, उभ्या राहू." पोर गावापर्यंत रडत आले. घरी आल्यावरही बराच वेळ दूध उतरेना. हे आजीने ऐकले आणि म्हणाली, "अगं, म्हस सुदिक परका माणूस पाहिला का पान्हा चोरती. ही तर बाईमाणूस."

आजी शाळेत गेलेली नाही; पण तिने सांगितले ते शरीरशास्त्राच्या पुस्तकात जसेच्या तसे आहे. मूल चोखू लागले की आईच्या मेंदूकडे संदेश जातो. प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. हे दुसरे संप्रेरक मोठे मानी आहे. भीती, लाज, ताण यांनी ते अडते. शिवाय दूध मागणीप्रमाणे बनते. पाजणे जितके टळेल तितके पुढचे दूध कमी. म्हणजे त्या गृहस्थांचे एक वाक्य थेट भाच्याच्या पोटापर्यंत पोहोचले होते.

मात्र आजीचे सारेच शास्त्र मला मान्य नाही. पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध किंवा गूळपाणी चाटवायचे, ही तिच्या काळची रीत. गंमत अशी की गोठ्यात म्हैस व्याली की त्याच घरात चिकाच्या खरवसासाठी भांडाभांडी! रेडकाला चीक मिळालाच पाहिजे, नाहीतर ते जगायचे नाही, हे सर्वांना पाठ. माणसाच्या पोराचा चीक मात्र 'जड' आणि 'नासका'. वास्तविक तो घट्ट पिवळसर चीक चमचा-दोन चमचेच असतो. पण त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये आणि 'अ' जीवनसत्त्व भरपूर असते. बाळाची ती पहिली लस होय. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जन्मानंतर तासाभरात पाजावे, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीही देऊ नये आणि वरचे अन्न सुरू झाल्यावरही दोन वर्षे किंवा त्यापुढे पाजत राहावे. आईलाही यात लाभ आहे. गर्भाशय लवकर आकसते, रक्तस्राव कमी होतो आणि पुढे स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका घटतो.

दोष एकट्या आजीला देऊन चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभरातील सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यांत झाली. परंतु तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले शंभरात ४२ च्या आसपासच होती. बाळंतपण सुईणीच्या हातून डॉक्टरांच्या हाती गेले, तरी तो पहिला तास अजून हाती आलेला नाही. पावडरच्या डब्यांचा मोह हे आणखी एक प्रकरण. १९८१ साली जागतिक पातळीवर या व्यापाराची आचारसंहिता झाली आणि १९९२ साली आपल्याकडे जाहिरातींना आळा घालणारा कायदा आला. तो विषय मोठा आहे; इथे एवढेच.

काही आयांना खरोखरच दूध येत नाही, किंवा आजारपण असते. त्यांना नावे ठेवणे हा दुसरा दुष्टपणा. संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊने पाजले, असे परंपरा सांगते. 'दूधआई' हा सुंदर शब्द आपल्याच भाषेतला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती आशियातील पहिली मानली जाते. धाराऊचेच ते आधुनिक रूप.

आता हिरकणीकडे येऊ. कोजागिरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून ती गवळण तान्ह्यासाठी कडा उतरून गेली, ही कथा आपण शाळेत ऐकली. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या आपल्याला तर तिचे विशेष कौतुक. तिच्याच नावाने एस.टी. स्थानकांत आणि सरकारी कचेऱ्यांत 'हिरकणी कक्ष' झाले. कल्पना चांगली. पण कक्षाला कुलूप असेल, किंवा आत सामान रचलेले असेल, तर हिरकणीने पुन्हा कडाच उतरायचा का? देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये तान्हे बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, तेव्हा सर्वांनी कौतुक केले. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात तिथल्या हिरकणी कक्षाची दशा पाहून त्यांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. विधानभवनात हे, तर खेड्यातल्या थांब्यावर काय असेल?

खोली हवीच, पण खोली आहे म्हणून बाकावर पाजणे हा गुन्हा ठरू नये. सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ साली अशा कक्षांचा आग्रह धरतानाच सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक मानू नये, असे सांगितले. आपल्या पूर्व भागातील उसाच्या फडात तर खोलीचा प्रश्नच नाही. तिथे नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि मजुरी टनावर. १९६१ च्या मातृत्व कायद्याने नोकरदार आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुटी दिली. फडातल्या बाईला ती कोण देणार? पाजायला बसली की मोळी कमी. आणि बिबट्याच्या भीतीने बांधावर झोळीही टांगवत नाही.

माझी एक मैत्रीण मागील वर्षी बाळंत झाली. मुलगी तीन महिन्यांची असताना परीक्षा आली. केंद्र दुसऱ्या गावी, पेपर तीन तासांचा. सासूबाई नात घेऊन आवारात झाडाखाली बसल्या. दुसऱ्या तासाला मैत्रिणीचा ब्लाउज भिजला. तिने ओढणी पुढे घेतली आणि लिहीत राहिली. बाहेर मुलगी रडत होती, ते वर्गात ऐकू येत होते. तिसऱ्या पेपरला ती आलीच नाही.

ते राहिलेले पेपर ती या एप्रिलमध्ये देणार आहे. आम्ही काही मुलींनी प्राचार्यांना अर्ज दिला आणि मुलींच्या खोलीत कपाटामागचा कोपरा मागून घेतला. शिपाई मावशींनी तिथे एक खुर्ची आणि चटई ठेवली आहे, साडीचा पडदाही त्यांनीच लावला. मैत्रिणीची मुलगी आता चालू लागली आहे. पण द्वितीय वर्षातली एक जण परवा विचारीत होती, जूनमध्येही तो कोपरा तसाच राहील ना म्हणून.