रीत विचारू नका, भाव विचारा

मानववंशशास्त्र शिकते असं सांगितलं की आमच्याकडे दोन प्रश्न येतात. एक, ‘म्हणजे जुनी हाडं खणता का?’ आणि दुसरा, ‘यात नोकरी कसली मिळते?’ हाडं खणणारे पुरातत्त्ववाले वेगळे, एवढं मी सांगू शकते. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी चहा टाकायला उठते. पुण्यात एम.ए. करताना आणि पुढे फलटणकडच्या मेंढपाळ धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे मेंढरांसह हिंडणाऱ्या तळांबरोबर, फिरताना जे पदरात पडलं, ते या वाटेला येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहिते आहे.

१. ‘तुमच्या चालीरीती सांगा’ असं कुणाला म्हणू नये. माणसं लगेच सावरून बसतात आणि बिरोबा, भंडारा, पट्टणकोडोलीची जत्रा असं ओळीने सांगू लागतात. त्यातलं काही खोटं नसतं. पण याआधी आलेल्या प्रत्येक वहीवाल्याला ते तसंच सांगून झालेलं असतं. त्यापेक्षा भाव विचारावा.

दिवाळी झाली की वाडे घाट उतरून कोकणात जातात. वर देशावर रब्बी उभी असते, मेंढरं चारायला मोकळं रान उरत नाही. खाली भाताची कापणी झालेली असते. पाऊस लागायच्या आत मात्र परत वर यावं लागतं, कारण कोकणातली ओल मेंढराला मानवत नाही. खाली असताना शेतकरी आपल्या खाचरात रात्री मेंढरं बसवून घेतो. लेंडी-मुताचं खत त्याला मिळतं, त्याचा मोबदला वाड्याला.

रायगड जिल्ह्यात असा एक सौदा मी शेजारी बसून ऐकला. किती रात्री, भात की रोख, इथवर सरळ चाललं होतं. मग शेतकरी म्हणाला, कोकरं मोजायची नाहीत, ती लेंडी टाकून टाकून किती टाकणार? वाड्यातला जाणता शांतपणे म्हणाला, ‘बरं, नका मोजू. त्यांच्या आया पण मोजू नका, त्या कोकरं सोडून बसत न्हाईत.’ मुकाट्याने कोकरं हिशेबात आली. पुढे शेतकऱ्याने वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, बांधाकडे सरकवून लावा म्हटलं, तिकडची जमीन हलकी होती. तोवर चुलीपाशी पाठमोरी बसलेली बाई तशीच बसून म्हणाली, ‘तिकडं ओल हाय.’ वाघर होतं तिथेच राहिलं.

वाड्यात कोण ठरवतं, हा प्रश्न मी आधी सगळ्यांना विचारला होता. ‘बापय ठरवत्यात,’ असं सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि त्या बाईनेही.

२. नात्यांचा तक्ता पहिल्या वर्षी शिकवतात. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा. इरावती कर्व्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक १९५३ चं, ते वाचताना हे सगळं भूमितीसारखं वाटतं. उत्तरेत मामे-आते भावंडांत लग्न चालत नाही, दक्षिणेत दोन्हीकडून चालतं, आणि महाराष्ट्र मधे: बऱ्याच जातींत मामाची मुलगी करतात, आतेची करत नाहीत. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण असं का, ते मला लग्नातल्या रुसव्याफुगव्यांनी समजावलं. एका आजींना मी कुणाची कुणाशी सोयरीक हे विचारत होते, त्या कंटाळल्या होत्या. कुणाच्या लग्नात कुणाला मान मिळाला नाही, हे विचारल्यावर मात्र त्यांनी पुढ्यातले खडे मांडायला घेतले. हे घर मुलगी देणारं, ते घेणारं. घेणाऱ्याचा हात वर. आतेची मुलगी करायची म्हणजे कालपर्यंत ज्यांच्यापुढे वाकलो त्यांच्याकडूनच मुलगी आणायची, मग वाकायचं कुणी? गेलेली वेल माघारी येऊ नये म्हणतात ते यासाठी. आजींचा तो खड्यांचा पट मी वहीत उतरवून घेतला. नंतर त्यांच्याच घरात दोन लग्नं या नियमाबाहेरची निघाली. आजी म्हणाल्या, ‘जमीन राहत व्हती घरात.’

३. टिपणं त्याच रात्री लिहावीत आणि त्यांची प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरात राहून केलेल्या कामाच्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला आगीत सापडल्या. मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं आणि अजून वाचलं जातं. पण तुम्ही-आम्ही श्रीनिवास नाही.

४. चहाला नाही म्हणू नये.

५. माणसांतलं वैविध्य हा शब्द आला की आमच्या विषयाचा जुना पाप-पुण्याचा हिशेब निघतोच. इरावतीबाई बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली होत्या. डोक्याच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते. युरोपियनांत हा फरक जास्त आणि त्याचा संबंध बुद्धीशी, असं गुरूंचं म्हणणं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा काही संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. साल १९३०, परका देश, पदवी त्याच गुरूंच्या हातात.

यावरून बाईंनी फूटपट्टी टाकून दिली असं कुणी समजेल, तर तसं नाही. पुढची कित्येक वर्षं त्यांनी महाराष्ट्रात माणसं मोजली. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी इथल्या एकाच दर्जाच्या, पण आपापसात लग्न न करणाऱ्या आठ ब्राह्मण गटांची तुलना छापली, आणि हे गट एका मुळातून फुटले असावेत हा समज त्या मोजमापांना टिकला नाही. मला यातलं धाडस बर्लिनच्या धाडसाइतकंच मोठं वाटतं. जर्मन गुरूला खोडून काढलं तर पुण्यात कौतुक होतं. पुण्यातल्या माणसांना त्यांच्या कुळाबद्दल काही सांगितलं तर होईलच असं नाही.

मोजमापांबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. ‘धनगर’ या एका नावाखाली मेंढ्या राखणारे हटकर आहेत, म्हशी राखणारे गवळी धनगर आहेत, लोकर विणणारे खुटेकर आहेत. हे वेगळेपण समजायला डोकी मोजावी लागत नाहीत. जनावर कोणतं आणि सोयरीक कुठे, एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

६. गुंथर सोन्थायमर हे हायडेलबर्गचे प्राध्यापक मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक. ते इथल्या वाड्यावस्त्यांवर धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित करत फिरले आणि पशुपालकांच्या देवांवर त्यांनी मोठं काम केलं. आपला विषय कोणता, हे अर्ज भरताना ठरवायची सक्ती आहे, म्हणून ठरवावा. पाळलाच पाहिजे असं नाही.

७. ज्यांच्यावर लिहिता ते आता वाचतात. वाड्यातल्या एका पोराने माझा लेख मोबाइलवर वाचून फोन केला. अभिनंदन वगैरे नाही, ‘ताई, रातीचा भाव कमी लिवलाय, पुढल्या साली शेतकरी तेवढाच दील.’ त्याचं बरोबर होतं, कारण मी लिहिलेला भाव जुना होता आणि वाचणाऱ्याला तो आजचा वाटत होता. तेव्हापासून आकड्यापुढे हंगाम लिहिते.

आणि काही गोष्टी लिहीतच नाही. वाडा कोणत्या वाटेने घाट उतरतो, पाण्यासाठी कुठे थांबतो, वनखात्याच्या हद्दीचा कोणता कोपरा रात्रीत ओलांडतो, हे मला माहीत आहे. छापलं तर दंडाची पावती माझ्या नावाने फाटणार नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, स्थलांतरावरचा प्रबंध आणि वाटेचा नकाशा नाही? मी कारण सांगितलं. ते म्हणाले, निदान तालुक्यांची नावं तरी द्या. तालुक्यांची दिली.