पाळणाघर निवडताना

पोरी, बाळंतपणाची सुट्टी संपत आली आणि तुझी झोप उडाली, हे कळतंय मला. आपल्या मुंबईतल्या चारकोपात म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने छोटी घरं आखली ती १९८०च्या दशकात, साधारण ३५ घरं एका चौकाभोवती. माझी दोन्ही मुलं तशाच एका चौकातल्या मावशींच्या पाळणाघरात वाढली. तेव्हा चुका करून शिकले ते तुला सांगते.

१. आधी ऑफिसात विचार – २०१७पासून ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील, तर पाळणाघराची सोय करावीच लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाता येतं. मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही.

२. बघायला जाशील तर दुपारी दीडला, न कळवता – जेवण, झोप, शी-शू आणि रडणं सगळं तेव्हाच एकत्र येतं. भिंतीवरचा मिकी हसतो, पण लंगोट बदलत नाही.

३. वर्षाच्या आतली तीन-चारपेक्षा जास्त बाळं एकाच बाईकडे दिसली, की चहा न घेता ऊठ – आग लागली तर दोन हातांत दोनच बाळं बाहेर येतात.

४. तान्ह्याला उताणंच झोपवतात ना, अंथरुणात उशी-गोधडी नाही ना, स्वतः पाहा – श्वास कोंडला तर बाळाला हाक मारता येत नाही.

५. अंगावरच्या काढलेल्या दुधाच्या बाटलीवर तारीख आणि वेळ लिही – बाहेर फार तर ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस, आणि मे महिन्यात बाहेरचा भरवसा धरूच नको.

६. फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं चार वर्षांपर्यंत डब्यात नकोत – घशात अडकतात.

७. अंगात ताप असताना औषध पाजून सोडू नकोस – मी एकदा सोडलं. दुपारी ताप पुन्हा चढला आणि आठवडाभरात तिथली आणखी दोन मुलं आजारी पडली. त्यांच्या आयांच्या रजा माझ्यामुळे गेल्या.

८. तिसऱ्या वर्षी पाटीवर अक्षरं गिरवायला लावतात, अशी बढाई ऐकलीस तर भुलू नकोस – ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि मग कोसबाडला बिया, पानं, शंख-शिंपल्यांनीच मुलं घडवली. कोवळ्या बोटांना आधी माती, मग पाटी.

९. सांगून निघ, पाठ फिरताच सटकू नकोस – नाहीतर मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं. रडेल, रडू दे थोडं.

१०. मावशींचे पैसे पहिल्या तारखेला दे आणि त्या जेवल्या का, हेही विचार – भुकेली, थकलेली बाई किती वेळ हसत राहील?

११. आणायला येतील अशा दोघांची नावं, नंबर आणि फोटो मावशींकडे कागदावर देऊन ठेव, सोबत कपड्यांचा जादा जोड – मोबाईल ऐन वेळी बंद पडतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल थांबल्या, मी दादरला अडकले आणि फोन काही लागेना. धाकटा दोन वर्षांचा. शेजारच्या काकूंचा नंबर मी मावशींना कधी दिलाच नव्हता, ती रात्र मी कशी काढली ते मलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, तेव्हा तो मावशींच्या नातवाचा सदरा घालून त्यांच्या मांडीवर पेज खात होता.